एकात सहा कामं करणारी पट्टी घ्यावी का? आणि षटकोनी फ्रेम बंद का होत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत इंटिरियर डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहात. घरी सनबोर्डची मॉडेलं करता, जोडीला लाकडी ट्रे, फोटोफ्रेम अशी हौशी कामं. ऑनलाइन एक स्टीलची पट्टी दिसली. तिच्यात मोजपट्टी, फिरतं कोनमापक, कंपास, गुण्या, वर्तुळांची भोकं आणि समांतर रेघांची सोय, सगळं एकातच आहे. मध्यंतरी सहा लाकडी पट्ट्यांची षटकोनी फ्रेम केली, ती शेवटच्या सांध्याला जुळली नाही. शाळेतल्या कोनमापकाने घात केला असं तुम्हाला वाटतं. बजेट दोन हजार. मग ही पट्टी घ्यावी का?

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, औजार कुठलं घ्यावं. दुसरा, फ्रेम का जुळली नाही. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून आधी फ्रेम.

षटकोनाला सहा सांधे, प्रत्येक सांध्याला दोन काप, म्हणजे एकूण १२ काप, आणि प्रत्येक काप ३० अंशांचा. प्रत्येक कापात फक्त अर्धा अंश चूक झाली आणि ती सगळीकडे एकाच बाजूला झाली, तर शेवटी ६ अंश साचतात. लाकडी पट्टी ४० मिमी रुंद असेल तर तिरका काप सुमारे ४६ मिमी लांब येतो. आतली टोकं टेकवली तर बाहेरच्या टोकाला जवळपास ५ मिमी फट दिसते. कंपासपेटीतल्या कोनमापकावर एक-एक अंशाच्या खुणा असतात, त्यावर अर्धा अंश डोळ्यांना धड दिसतही नाही. तेव्हा तुमचा संशय चुकीचा नाही. पण त्या ऑनलाइन पट्टीच्या चकतीवरही बहुतेक वेळा एक-एक अंशाच्याच खुणा असतात. पैसे खर्च करून तुम्ही तिथेच याल.

कोनाइतकंच दुसरं कारण लांबीचं असतं, आणि त्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. सहाही बाजू सारख्या नसतील तर कोन अचूक असूनही फ्रेम सहसा बंद होत नाही. एकाच लांब पट्टीवर सहा माप सलग आखून कापलं असेल तर करवतीच्या पात्याची जाडी प्रत्येक कापाला लाकूड खाते. हातकरवत एक-दीड मिमी, मशीनचं गोल पातं अडीच-तीन मिमी. ती जाडी आखणीत धरली नाही, आणि करवत कधी रेघेच्या अलीकडे तर कधी पलीकडे चालवली, की सहा तुकडे सहा मापांचे निघतात.

आता औजाराकडे येऊ. एकात किती कामं होतात याला मी महत्त्व देत नाही. ती सगळी कामं एकाच पक्क्या कडेवरून होतात का, एवढंच बघतो. उदाहरणार्थ व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे सरकत्या जबड्याचं बारीक मापं घ्यायचं औजार. बाहेरचं माप, आतलं माप, खोली आणि पायरी अशी चार कामं त्यात होतात, पण चारही एकाच सरकत्या जबड्यावर आणि एकाच मोजणीवर. एक काम बरोबर तर चारही बरोबर. तुम्ही पाहिलेल्या पट्टीत मात्र प्रत्येक काम एका हलत्या सांध्यातून जातं. चकती फिरते, पाय सरकतो, स्क्रू घट्ट करायचा. त्या सांध्यातलं ढिलेपण प्रत्येक मापात उतरतं.

किती उतरतं ते साध्या प्रमाणाने कळतं. चकती मध्यापासून २५ मिमीवर अडकते आणि तिथे ०.१ मिमी ढिलेपण आहे असं धरा. ०.१ मिमी म्हणजे कागदाच्या एका पानाएवढी फट. पट्टीच्या ३०० मिमी लांब हातावर हेच ढिलेपण १.२ मिमी होतं. चकती लहान आणि हात लांब असलं की हे होणारच, त्यात कंपनीचा दोष नाही.

त्यावरच्या कंपासच्या भोकांचंही असंच. एका भोकात टोचणी, दुसऱ्यात पेन्सिल. भोक पेन्सिलीच्या टोकापेक्षा मोठं असतं, त्यामुळे पेन्सिल आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टेकते आणि त्रिज्या तेवढी हलते. वहीतल्या स्केचला चालतं. २०० मिमी त्रिज्येचं वर्तुळ आखून त्याबरहुकूम लाकूड कापायचं असेल तर चालत नाही. वर्तुळांच्या साच्याचीही गंमत अशी की काही साच्यांत पेन्सिलीची जाडी धरून भोक थोडं मोठं केलेलं असतं, काहींत नसतं. २० मिमीचं वर्तुळ आखून व्हर्नियरने मोजा, मग त्या साच्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवा.

म्हणून माझं मत असं: ती पट्टी साइटवर खिशात न्यायला, पटकन स्केच करायला, वर्गात कल्पना दाखवायला चांगली आहे. पोस्टर, रांगोळीची आखणी, वहीतल्या आकृत्या हेच काम असतं तर मी घ्या म्हटलं असतं. लाकूड कापायचंय आणि सांधे जुळवायचेत, तर आत्ता ती घेऊ नका.

तुम्हाला अनेक कामांचं एकच औजार हवं असेल तर कॉम्बिनेशन स्क्वेअर घ्या. अमेरिकेत लॅरॉय स्टॅरेट यांनी १८७९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि मूळ रचना आजही तीच आहे. खाचेची एक स्टीलची पट्टी आणि तिच्यावर सरकणारं जड डोकं. त्या डोक्याला ९० अंशाची एक आणि ४५ अंशाची एक अशा दोन घासून पक्क्या केलेल्या कडा असतात. त्याने काटकोन तपासता येतो, ४५ चा काप आखता येतो, खाचेची खोली मोजता येते, दोन तुकड्यांची उंची ताडून बघता येते. आणि डोकं फळीच्या कडेवर टेकवून पट्टीच्या टोकाला पेन्सिल लावून ओढलं की कडेला समांतर रेघ मिळते, म्हणजे मार्किंग गेजही झाला. सगळी कामं त्या एका कडेवरून होतात. चार भागांचा सेट घेतलात तर गोल दांड्याचा मध्य काढायचं डोकं आणि कोनमापकाचं डोकंही मिळतं. त्यातलं मध्य काढायचं डोकं फार कामाचं आहे. कोनमापकाचं डोकं पुन्हा एक-एक अंशाचंच, त्यावर जास्त पैसे घालवू नका.

दुकानात घेताना, सांगलीच्या गणपती पेठेत असो की मिरजेत, पाकिटातून बाहेर काढूनच बघा. पट्टी पूर्ण बाहेर ओढून स्क्रू आवळा आणि टोक धरून हलवा. हललं की ठेवून द्या. खुणा कोरलेल्या हव्यात. नुसत्या छापलेल्या खुणा घामाने आणि थिनरने सहा महिन्यांत पुसतात. चकचकीत पट्टीपेक्षा मंद पॉलिशची बरी, ट्यूबलाइटखाली चकाकत नाही, त्यामुळे वाचता येते. डोकं ओतीव लोखंडाचं असेल तर उत्तम, हलक्या मिश्रधातूचं पडलं की कोपरा दबतो आणि गुण्या गेला.

काटकोनाची परीक्षा दुकानातल्या काउंटरवरही होते. सरळ कडेचा एक प्लायचा तुकडा बरोबर न्या. डोकं कडेला टेकवून बारीक टोकाच्या पेन्सिलने रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या बरोबर. फाकल्या तर दिसतंय ते अंतर खऱ्या चुकीच्या दुप्पट असतं. १५० मिमीवर अर्धा मिमी फाकल्या म्हणजे खरी चूक पाव मिमी, साधारण ०.१ अंश. हौशी कामाला हे चालून जातं. एक मिमी फाकल्या तर परत द्या. मात्र प्लायची कड सरळ नसेल तर या परीक्षेला काही अर्थ नाही. कड स्टीलच्या पट्टीला लावून उजेडाकडे धरून बघा, मधून उजेड आला तर दुसरी कड घ्या. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या टूलरूममध्ये ओळख असेल तर तिथल्या मास्टर गुण्याला, म्हणजे तपासणीसाठीच ठेवलेल्या अचूक गुण्याला, लावून बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता ३० अंशांचं काय? कोनमापकाने ३० मोजायचेच नाहीत. षटकोन हा कंपासचा आकार आहे, कारण त्याची बाजू वर्तुळाच्या त्रिज्येइतकीच असते. १५० मिमीची बाजू हवी तर १५० मिमी त्रिज्येचं वर्तुळ. पण सगळे इथे चुकतात: एका बिंदूपासून सुरू करून सहा वेळा कंपास टाकत जातात. कंपासच्या उघडीत ०.१ मिमी फरक असला तरी सहाव्या वेळी तो ०.६ होतो. त्यापेक्षा आधी मध्यातून व्यासाची रेघ मारा, तिची दोन्ही टोकं म्हणजे दोन बिंदू मिळाले. मग त्या प्रत्येक टोकावरून दोन्हीकडे एकेकदाच कंपास टाका. चार खुणा, आणि कुठलीही खूण एका टप्प्यापेक्षा लांब नाही. चूक साचायला जागाच उरत नाही.

ही आखणी कागदावर न करता पूर्ण मापात एका पांढऱ्या सनमायकाच्या किंवा प्लायच्या तुकड्यावर करा. कापलेली प्रत्येक पट्टी त्यावर ठेवून बघा. चूक कुठल्या तुकड्यात आहे ते लगेच कळतं.

कापताना ३० अंश लावायला ३०-६० चा मोठा ॲक्रिलिक गुण्या बेव्हल गेजला टेकवा, म्हणजे सुतारांकडचा हलत्या पात्याचा गुण्या. गेज घट्ट करा आणि तोच कोन करवतीच्या साच्याला, म्हणजे करवत ठराविक कोनात चालवणाऱ्या साच्याला, द्या. आकडा न वाचता कोन उचलून न्यायचा. पण त्याआधी तो ॲक्रिलिक गुण्या बरोबर आहे का ते तपासलं पाहिजे, आणि त्याची परीक्षा मला सगळ्यात आवडते. २०० मिमीची एक रेघ मारा. दोन्ही टोकांवरून त्याच गुण्याने ६० अंशाच्या रेघा आत वळवून मारा, त्या वर एकत्र येतील. तिन्ही बाजू २०० मिमी आल्या तर गुण्या खरा. ६० च्या जागी साडेसाठ असेल तर वरच्या दोन्ही बाजू २०३ मिमीच्या पुढे जातात. कोनमापकावर न दिसणारा अर्धा अंश इथे तीन मिमी होऊन समोर येतो. वरच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नसतील तर दोष गुण्याचा नाही, हात हलला आहे. पुन्हा मारा.

ॲक्रिलिकबद्दल एक सांगायला हवं, कारण आपल्याकडचा मे महिना. ॲक्रिलिक उष्णतेने स्टीलच्या सहापट वाढतं. ३०० मिमीची पट्टी २० अंश सेल्सिअसला बरोबर असेल तर ४० अंशांना ती सुमारे ०.४ मिमी लांब झालेली असते, स्टीलची फक्त ०.०७ मिमी. म्हणून लांबी स्टीलने मोजा. कोन मात्र ॲक्रिलिकने घ्यायला हरकत नाही, कारण गुण्या सगळीकडे सारखा फुगला तर त्याचा आकार मोठा होतो, कोन तोच राहतो. फक्त उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून वाकवू नका. आणि त्याच्या कडेवर कटर चालवू नका. कटर चालवला की कडेत खाच पडते, पुढे प्रत्येक रेघ तिथे अडखळते. सनबोर्ड कापायला वेगळी स्टीलची पट्टी ठेवा, खाली कॉर्क किंवा डबल टेपवर बारीक पॉलिश पेपर चिकटवा म्हणजे घसरत नाही.

मोजपट्टीचा शून्य कुठे आहे तेही बघा. शाळेच्या पट्टीत शून्याआधी थोडी कोरी जागा असते, स्टीलच्या पट्टीत शून्य थेट कडेवर. एक कोपऱ्यात टेकवून मोजायला उपयोगी नाही, दुसरीची कड झिजली की चुकते. कड झिजलेली असेल तर १० पासून मोजा, पण ते १० वजा करायचं लक्षात ठेवा. टेपच्या टोकाचा हुक हलतो म्हणून तो ठोकून घट्ट करणारे लोक आहेत. तसं करू नका. तो हुक स्वतःच्या जाडीइतकाच हलायला ठेवलेला असतो, बाहेरून ओढून आणि आतून टेकवून दोन्ही मापं बरोबर यावीत म्हणून.

लांबीचा इलाज मोजण्यात नाही, अडथळ्यात आहे. साच्यावर योग्य अंतरावर एक ठोकळा क्लॅम्पने पक्का करा आणि सहाही पट्ट्या त्याला टेकवून कापा. ठोकळ्याचं अंतर अर्धा मिमी चुकलं तर सहाही तुकडे तेवढेच चुकतील, फ्रेम किंचित लहान-मोठी होईल, पण जुळेल. इथे माप बरोबर असण्यापेक्षा सारखं असणं महत्त्वाचं. ठोकळ्याच्या कोपऱ्यात भुसा साचतो, प्रत्येक कापाआधी ब्रश फिरवा. नाहीतर चौथा तुकडा पहिल्यापेक्षा आखूड निघतो आणि कारण सापडत नाही.

आणि फ्रेम एकदम सहा तुकड्यांची चिकटवू नका. तीन-तीनचे दोन अर्धे चिकटवून वाळू द्या. प्रत्येक अर्ध्याची दोन्ही टोकं एका सरळ रेषेत यायला हवीत. सपाट फरशीवर पॉलिश पेपर पसरून दोन्ही टोकं एकदम त्यावर घासा, आधी १२० नंबरवर, मग २२० वर. साचलेली सगळी चूक या दोन शेवटच्या सांध्यांत निघून जाते. मिरजेत सतार करणाऱ्यांना सतारीचे पडदे, म्हणजे सुरांच्या धातूच्या पट्ट्या, दोऱ्याने बांधून नंतर कानाने सरकवायची सोय असते. तुमच्या फ्रेमला ही घासण्याची तेवढीच सोय आहे, ती वापरा.

बाकी औजारांबद्दल भराभर. चार हात आणि चार नटांची घडीची पट्टी मिळते, ती टाइल्स किंवा वाकड्या भिंतीचा आकार उतरवायला छान, आकडा वाचायला नाही. रोलरची समांतर पट्टी ड्रॉइंगला वेळ वाचवते, पण रोलरला धूळ किंवा खोडरबराचा चुरा लागला की वाकडी जाते. २०० मिमी खाली सरकवून दोन्ही टोकं पहिल्या रेघेपासून मोजा, फरक आला तर रोलर पुसा. डिजिटल कोनपट्टीचा मोह होईल. तिच्यावर अंशाचा दहावा भाग दिसतो, पण खोक्यावर चूक सहसा ०.३ अंशापर्यंत दिलेली असते. ०.३ अंश ६०० मिमीवर ३ मिमी होतात. पडद्यावर आकडा बारीक दिसला म्हणून माप बारीक होत नाही. त्रिकोणी स्केल, १:५०, १:१०० वाली, कॉलेजसाठी लागेलच. तिने फक्त मोजा, रेघा मारू नका, कडा खराब होतात.

अजून एक गोष्ट. इथले मिस्त्री इंच-सुतात बोलतात, तुमचं ड्रॉइंग मिमीत असतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. सूत तीन मिमीचं धरलं तर एका इंचात २४ मिमीच होतात, जवळपास दीड मिमी तिथेच गेला. इंच २५ चा धरला तर आठ फुटांच्या शीटला ३८ मिमी फरक पडतो. एका कामात एकच माप वापरा. बदलायचंच असेल तर सुरुवातीला एकदाच बदलून कागदावर लिहा.

दोन हजारात क्रम असा लावेन. सगळ्यात आधी ३०० मिमीचा कॉम्बिनेशन स्क्वेअर, यात हात आखडता घेऊ नका. मग १५० मिमीची कोरीव खुणांची स्टील पट्टी, मोठा ३०-६० चा गुण्या, स्क्रूने अडकणारा कंपास. कंपासची उघड स्क्रूने पक्की होणं हे त्याचं मुख्य लक्षण, घट्ट-ढिला सांध्याचा घेऊ नका. काही पैसे उरले तर बेव्हल गेज. डिजिटल व्हर्नियर पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल. घ्याल तेव्हा साधा १५० मिमीचा घ्या, आणि वापरात नसताना सेल काढून ठेवा, बंद असतानाही तो थोडा थोडा खर्च होत राहतो. पावसाळ्यात सगळ्या स्टीलवर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवा. कपाट भिंतीला लागून असेल तर जरा जास्तच, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंती ओल धरतात. लाकूडही त्या दिवसांत फुगतं, म्हणून फ्रेमचं लाकूड कापण्याआधी आठवडाभर घरातच पडू द्या.

हे सगळं तुम्ही काय वापरता त्यावर थोडं बदलेल. मायटर बॉक्स (तिरक्या कापासाठी खाचा असलेली पेटी) आणि हातकरवत असेल तर आधी बॉक्सची खाच ढिली झालीय का ते बघा. खाच जुनी झाली की कितीही अचूक आखणी केली तरी पातं स्वतःच्या मर्जीने जातं. चॉप सॉ (वरून खाली येणारी मशीनची करवत) असेल तर ३० अंशाला क्लिक होऊन बसणाऱ्या खाचेवर विसंबू नका, बेव्हल गेजने एकदा तपासा.

खरेदीला निघण्याआधी घरात आहे त्या गुण्याने तो २०० मिमीचा त्रिकोण मारून बघा. वरच्या दोन बाजूंची मापं, करवत कुठली आणि फ्रेमच्या पट्टीची रुंदी किती, एवढं लिहा. तुमचा जुना गुण्याच बरोबर निघाला, तर बजेटमधून तो वजा करू आणि त्या पैशांत दोन चांगले क्लॅम्प बसतील.